स्वतःच्या मुलीलाही

अण्णा गेल्याचा फोन संतोषने केला तेव्हा मी जालन्याच्या बँकेत दिवसभराचं काम आवरून निघायच्या तयारीत होते. संतोष माझा धाकटा भाऊ, गावाकडे आईवडिलांजवळ राहणारा. "ताई, अण्णा गेले," एवढं म्हणून तो थांबला, आणि मी काही विचारायच्या आत घाईघाईने म्हणाला, "चक्कर आल्ती. गच्चीवर होते. चक्कर येऊन पडले." भोकरदनच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मला रडू आलं नाही. मी विचारलं, गच्चीवर कशाला गेले होते. "मिरच्या वाळत घातल्या होत्या. आभाळ आलं म्हणून गोळा करायला गेल्ते." भरून आलेलं आभाळ, कलता दिवस आणि कठडा नसलेली गच्ची... चक्कर आली नसणार हे मला फोनवरच कळलं. संतोषलाही ते माहीत होतं. पण आमच्या घरात जे कधी बोललं गेलं नाही, ते त्या दिवशीही कुणी बोललं नाही.

तेराव्याच्या आदल्या दिवशी शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. अण्णा तिथे कितीतरी वर्षं मुख्याध्यापक होते. आमचं गाव धावड्याच्या अलीकडे, फार मोठं नाही, पण त्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतूनही माणसं आली होती. अण्णांच्या हाताखाली काम केलेले एक निवृत्त शिक्षक बोलायला उभे राहिले. ते म्हणाले, "सरांनी आयुष्यभर गाडी घेतली नाही. जिथं जायचं तिथं पायी, आणि जाताना हात विद्यार्थ्याच्या खांद्यावर. मुलांवर इतका जीव." लोकांनी माना डोलावल्या. मग ते पुढे म्हणाले, "आणि तत्त्वाचे इतके पक्के, की स्वतःच्या मुलीलाही दहावीला सवलत घेऊ दिली नाही. दाखला समोर असताना. असा निःस्पृह माणूस पुन्हा होणार नाही." सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. बायकांच्या पहिल्या रांगेत मी घडीची पांढरी काठी मांडीवर घेऊन बसले होते. एका म्हातारीने माझ्या पाठीवरून हात फिरवला, जणू त्या मोठेपणात माझाही वाटा होता.

ती मुलगी मी. सभेत मला बोलायला कुणी सांगितलं नाही, सांगितलं असतं तरी आईसमोर मी बोलले नसते. म्हणून इथे लिहिते आहे.

मला लहानपणापासून समोरचं नीट दिसतं. अगदी बारीक अक्षरही दिसतं. फक्त ते पुंगळीतून बघितल्यासारखं दिसतं. बाजूचं काही नाही, खालचं काही नाही, आणि उजेड कमी झाला की पुंगळीतलंही नाही. पण हे आजाराचं लक्षण आहे हे मला माहीत नव्हतं. सगळ्यांना असंच दिसतं आणि बाकीचे माझ्यापेक्षा हुशारीने चालतात, अशी माझी समजूत होती. दिवेलागणीच्या वेळी लाईट गेली की मी उंबऱ्याला ठेचकाळायचे, माठावर आदळायचे, दोरीवरच्या कपड्यांत गुरफटायचे. अण्णा घरात असले तर मारायचे. इतर बाबतीत ते मारकुटे नव्हते. गणित चुकलं, कप फुटला, खोटं बोलले, तर समजावून सांगायचे. पण मी पडले की त्यांचा चेहरा वेगळाच व्हायचा. "बघून चाल," असं म्हणत ते मारायचे, आणि मार थांबल्यावरही ते तेच म्हणत राहायचे... बघून चाल, बघून चाल. गुडघ्यातून रक्त येत असायचं आणि वर पाठीत धपाटे. आई आतून बाहेर यायची नाही.

शाळेत ते फार छान शिकवायचे, हेही सांगायला हवं. भूगोल त्यांचा विषय. पुस्तक कधी हातात घेतलं नाही. फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा एका दमात काढायचे आणि मग दाराच्या उजेडात उभं राहून गोदावरीच्या काठाकाठाने आम्हाला फिरवून आणायचे. त्या तासाला माझा ऊर भरून यायचा. माझ्या शेजारी शबाना बसायची. तिचे अब्बा गावातले सुतार. शबानाला जन्मापासून कमी ऐकू यायचं, म्हणून अण्णांनी तिला पहिल्या बाकावर बसवलं होतं आणि तिच्याशी बोलताना ते सावकाश, तिच्याकडे तोंड करून बोलायचे. तिच्या अपंगत्वाच्या दाखल्यासाठी तिच्या अब्बांना घेऊन ते स्वतः जालन्याला गेले होते, एकदा नव्हे, काम होईपर्यंत. शबानाचे अब्बा आमच्या दारावरून जाताना घरात कुणी दिसलं नाही तरी हात कपाळाला लावून जायचे.

माझं बिंग फुटलं ते नववीत. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं होतं. तक्त्यावरची शेवटची ओळ मी घडाघडा वाचली. डॉक्टरबाई खूश झाल्या आणि बक्षीस म्हणून त्यांनी बाजूने एक चॉकलेट पुढे केलं. मी घेतलं नाही. त्यांनी हात तिथेच ठेवला आणि दुसऱ्या हाताने माझी हनुवटी धरून समोर बघायला सांगितलं. "आता सांग, माझ्या हातात काय आहे?" मी विचारलं, कुठल्या हातात. बाईंनी सगळ्या शिक्षकांसमोर अण्णांना सांगितलं की मुलीला जालन्याला दाखवा, उशीर करू नका. चारचौघांत सांगितल्यामुळे अण्णांना नाही म्हणता आलं नाही.

सरकारी दवाखान्यात माझ्या डोळ्यांत थेंब घातले आणि बऱ्याच वेळाने आम्हाला आत बोलावलं. तपासणीची खोली अंधारी होती. डॉक्टर तरुण होते, डोक्याला दिवा बांधलेले. मला त्यांनी हाताला धरून स्टुलावर बसवलं आणि अण्णांना म्हणाले, "सर, तुम्ही बसा. तुमच्या मागंच खुर्ची आहे." अण्णा बसले नाहीत. मला ते दिसत नव्हते, पण त्यांच्या हाताचा आवाज येत होता... तळवा भिंतीवरून घासत जाण्याचा. मग काहीतरी लोखंडी खाली पडलं. डॉक्टरांनी मोठा दिवा लावला आणि ते माझ्याकडे न बघता अण्णांकडे बघत म्हणाले, "सर, हा पडद्याचा आजार आहे. बऱ्याचदा घराण्यात असतो. तुमचेही डोळे बघून घेऊ का?"

"माझे डोळे ठणठणीत आहेत," अण्णा म्हणाले.

"यावर औषध न्हाई सर. पण दाखला मिळेल. शाळेत सवलत मिळेल, परीक्षेत जादा वेळ मिळेल. आणि तुमच्या नोकरीला काही होत न्हाई, कायदाच तसा आहे. दाखल्यासाठी डॉक्टरांचं बोर्ड बसतं, त्या दिवशी दोघंही या."

अण्णांनी माझा दंड धरला आणि मला बाहेर आणलं. डोळ्यांतल्या थेंबांमुळे बाहेरच्या उन्हात मला नुसतं पांढरं दिसत होतं. फाटकापाशी त्यांनी दंड सोडला. मी हाक मारत राहिले, पण ते पुढे निघून गेले. शेवटी एका भाजीवालीने मला स्टँडच्या रस्त्याला लावून दिलं. एसटीत ते माझ्या शेजारी बसले. भोकरदन आल्यावर म्हणाले, "आईला सांगायचं, नंबर लागलाय, चष्म्याचा. कागदावर आलं की ते पुसता येत न्हाई. तुझं लग्न व्हायचंय, संतोषचं व्हायचंय. आणि मला अजून नोकरी करायचीय."

चौदा वर्षांची होते मी. त्या दिवशी मला एकदम सगळं लक्षात आलं. ते गाडी का घेत नाहीत, दाराच्या उजेडात का उभे राहतात, संध्याकाळच्या लग्नाला का जात नाहीत, मुलांच्या खांद्यावर हात का ठेवतात. माझ्या लक्षात आलंय हे त्यांच्याही लक्षात आलं. आता माझे लाड होतील असं मला वाटलं होतं. एकाच आजाराचे आम्ही दोघं, घरात ते मला सांभाळून घेतील, निदान मारायचे तरी थांबतील. झालं उलटं. माझ्याकडे बघताना त्यांना जे दिसत होतं ते त्यांना नको होतं. ते माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागले.

हिवाळ्यात आमच्या वर्गात चारनंतर अंधारून यायचं. खिडक्या उत्तरेला, त्यात लाईट जायची. मला फळा दिसेनासा व्हायचा, म्हणून मी वही घेऊन व्हरांड्यात बसायचे. दहावीला संध्याकाळचे जादा तास सुरू झाले, त्यांना मी जाऊच शकत नव्हते. वर्गशिक्षकांनी हजेरीचं काय करायचं म्हणून मुख्याध्यापकांना विचारलं. शाळेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात अण्णा म्हणाले, "जी वर्गात न्हाई ती गैरहजर. माझी मुलगी असली म्हणून काय झालं?" माझी हजेरी घसरत गेली. पालकांची सही आणायची चिठ्ठी माझ्याच हातात दिली गेली, आणि घरी अण्णांनीच तिच्यावर सही केली, परीक्षेला बसलेल्या मुलासारखी, खाली मान घालून.

दाखला मला मामाने मिळवून दिला. मामा पिंपळगाव रेणुकाईचा, शिवणकाम करणारा. दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेले होते. संध्याकाळी देवीच्या देवळाच्या पायऱ्यांवरून मी त्याच्या डोळ्यांदेखत कोसळले. त्याने मला उचललं, झटकलं आणि पहिल्यांदा कुणीतरी मला सरळ विचारलं, "तुला दिसत न्हाई का गं?" मी मान हलवली. मामाने आईला फोन केला. फोनवर आई म्हणाली, "मला विचारू नको," आणि ठेवून दिला. मामाने त्याचा अर्थ त्याच्या परीने लावला आणि मला घेऊन जालना गाठलं. अर्ज, तपासण्या, बोर्डासमोर उभं राहणं. तिथेही एका साहेबांनी मला वर्तमानपत्र वाचायला दिलं आणि मी वाचल्यावर म्हणाले, हिला तर दिसतं. मामा तिथे अडून बसला. शेवटी अण्णांना खुर्ची दाखवणारे तेच तरुण डॉक्टर आले आणि त्यांनी साहेबांना बाजूने कसं तपासायचं ते करून दाखवलं. चाळीस टक्क्यांच्या वरचा कायमचा दाखला मिळाला. मामा रडला. मी नाही रडले, मला फार मोकळं वाटत होतं. मी आळशी नाही, वेंधळी नाही, असं सरकारने लिहून दिलं होतं.

सुट्टी संपल्यावर मी आणि शबाना, दोघी आपापले सवलतीचे अर्ज घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो. परीक्षेच्या बोर्डाकडे अर्ज शाळेमार्फतच जातो, मुख्याध्यापकांच्या सहीशिवाय जात नाही. अण्णांनी शबानाचा अर्ज वाचला, एक दुरुस्ती केली, सही शिक्का केला, तिच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाले, "चांगला अभ्यास कर." मग माझा घेतला. दाखला वाचला. मामाचं नाव वाचलं असणार. दोन्ही कागदांची त्यांनी नीट घडी घातली, ड्रॉवरमध्ये ठेवली आणि म्हणाले, "वर्गात जा."

बाहेर आल्यावर शबाना मला हलवून विचारायला लागली, "माझ्या अर्जावर बराबर सही केली. तुझ्या अर्जावर का न्हाई? तू तर त्यांची आहेस ना?" मी तिला हाताला धरून वर्गात नेलं. मी रोज वाट बघितली. मुदत गेली तेव्हा मी घरी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "अण्णा, अर्ज गेला का?" ते जेवत होते. "न्हाई गेला. मुख्याध्यापकाच्या मुलीला जादा वेळ दिला तर उद्या गाव काय म्हणेल?" आईने त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

परीक्षेचं केंद्र दुसऱ्या गावी होतं. पत्र्याची खोली, एकच खिडकी. भूमितीच्या दिवशी अवकाळी आभाळ आलं आणि लाईट गेली. प्रश्नपत्रिका मी नाकाला लावली तरी अक्षरं बुडत गेली. पर्यवेक्षकांना मी म्हटलं, मला दिसत नाही. त्यांनी विचारलं, दाखला आहे का. मी म्हटलं, आहे. मग अर्ज का केला नाही, म्हणाले. शेजारच्या खोलीत शबाना जादा वेळ घेऊन लिहीत होती, आणि मी पेनाला टोपण लावून बसले होते. भूमितीत मी नापास झाले. निकाल बघून अण्णा इतकंच म्हणाले, "मेहनत कमी पडली." ते अजिबात रागावले नव्हते. त्यांच्या आवाजात मला सुटका ऐकू आली. मामाने दाखल्याची नक्कल काढून ठेवली होती म्हणून पुढचं आयुष्य झालं. त्याने मला जालन्यात ठेवलं, तिथल्या शाळेतून मी पुन्हा बसले, सवलत घेऊन बारावी आणि पदवी केली, आणि बँकेत दिव्यांगांच्या जागेवर लागले. अण्णांनी गावात पेढे वाटले. सगळ्यांना सांगितलं, स्वतःच्या गुणांवर लागली.

निवृत्तीनंतर त्यांची पुंगळी फार बारीक झाली असणार. मी एकदा म्हणाले, "अण्णा, आता तरी चला, तुमचाही दाखला काढू. नोकरीची भीती आता राहिली न्हाई." ते म्हणाले, "मला दिसतं." त्याच वर्षी मी काठी वापरायला शिकले. दिवाळीला गावी आले तर एसटीला उशीर झाला, आणि फाट्यावर अण्णा मला घ्यायला येऊन उभे होते. अंधार पडत होता. काठीचा आवाज ऐकून ते म्हणाले, "गावात ही उघडायची न्हाई. मिट." मी म्हटलं, मग आपण जायचं कसं. "मी आहे ना," ते म्हणाले आणि त्यांनी माझा हात धरला. मी काठी मिटली. आम्ही दोघं एकमेकांना धरून चालायला लागलो. ते मला नेत नव्हते, माझ्या चालीचा अंदाज घेत होते, आणि मी त्यांच्या. गावात पाण्याच्या पाइपासाठी चर खणला होता. आम्ही दोघंही त्यात पडलो. त्यांचं मनगट मोडलं. खाली चिखलात ते माझ्या अंगावर पडले होते, आणि दुखण्याने विव्हळताना त्यांच्या तोंडून सवयीने निघालं, "बघून चाल..." वरून कुणीतरी बॅटरी मारली. अण्णा लगेच म्हणाले, "पोरीचा पाय घसरला, तिला धरायला गेलो."

गावाने तेही मोठेपण म्हणून लक्षात ठेवलं. शोकसभेत एकाने ती हकीकत सांगितली.

शबाना आली होती सभेला, कडेवर मूल घेऊन. ती अण्णांसाठी खरोखर रडत होती. तिला तसं रडताना बघून मला पहिल्यांदा तिचा हेवा वाटला नाही की अण्णांचा रागही आला नाही, फक्त खूप एकटं वाटलं. तिच्याजवळ होता तो माणूस मला कधी भेटलाच नाही.

तेराव्यानंतर मी आठवडाभर आईजवळ राहिले. पाहुणे पांगल्यावर पहिल्याच दुपारी, चार वाजायच्या सुमाराला, आई उठली आणि घरातले सगळे दिवे लावत गेली. ओटा, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणीसुद्धा. बाहेर कडक ऊन होतं. मी म्हटलं, आत्ताच कशाला.

"वळण पडलंय," ती म्हणाली आणि सुपात डाळ घेऊन बसली.

मी तिच्यासमोर बसले. "आई, अण्णांचं तुला कधी कळलं?"

काय कळलं, असं तिने विचारलं नाही. "लग्नाच्या पहिल्या महिन्यात. लाईट गेल्ती. मी ताट वाढून ठेवलं आणि त्यांनी ताटात पाय दिला. मला म्हणले, ताट इथं ठेवतात का. मी म्हणलं, चुकलं माझं."

"आणि माझं?"

"तू चालायला लागली तवाच."

सुपातले खडे ती वेचत राहिली. मी विचारलं, मंग बोलली का न्हाईस. तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "तुझं एकटीचं असतं तर बोलले असते गं. तुझं बोलले असते तर त्यांचं निघालं असतं."

मला तिच्यावर चिडायचं होतं. पण त्या लख्ख घरात बसून मला जुन्या संध्याकाळी आठवायला लागल्या, जेव्हा घरात असाच लवकर उजेड असायचा आणि मी कशालाही न धडकता फिरायचे. मी तिला म्हणाले, "मला वाटायचं तू हे दिवे माझ्यासाठी लावतेस. अण्णा मारतात म्हणून." आणि मग दुसऱ्याही संध्याकाळी आठवल्या. अण्णा प्रशिक्षणाला, निवडणुकीच्या कामाला परगावी असायचे, त्या. त्या संध्याकाळी मी ओट्याच्या खांबाला धरून जागच्या जागी बसून असायचे, आई आतून कामाला हाका मारायची आणि मी उठायचे नाही.

"ते नसले की कशाला लावायचे?" आई म्हणाली. "उगा बिल येतं."

तिने सूप पाखडलं. फोलपटं दाराकडच्या उन्हात उडाली. मग ती उठून स्वयंपाकाला लागली. मी घरभर फिरले. अण्णांची खाट जिथल्या तिथे होती, खाटेखाली चपलांचा जोड भिंतीला टेकवून सरळ ठेवलेला, शेजारी तांब्या, खुंटीला सदरा. सगळे दिवे चालू होते. मला सगळं दिसत होतं.